स्वच्छ रिझल्ट

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. समोर पाटलांची सून हात पसरून उभी होती, ब्लाउज काखेत सैल होत होता आणि मी तो धरून टाचत होते. फोन कापडाच्या ढिगाखाली वाजत होता. कोण तडफडतंय आता, असं मनात म्हणत हात घातला, तर नाव दिसलं. मैथिली, पुणे.

टाचण्या तळहातावर काढल्या. "बोला, मॅडम."

"उज्ज्वलाताई, रिझल्ट आला!" पोरगी जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती. "पुन्हा पुन्हा करून बघितलं, दर वेळी तेच. एकदम स्वच्छ रिझल्ट आहे. कसलीच शंका राहिली नाही."

"स्वच्छ?"

"हो, इतका स्वच्छ रिझल्ट आमच्या लॅबमध्ये क्वचित येतो. सरसुद्धा खूश झाले. पण फोनवर मी जास्त सांगायचं नाही, नियम आहे. सोमवारी तुम्ही दोघं या, डॉक्टर गुंजाळ येणार आहेत, ते नीट समजावून सांगतील."

मी काहीतरी बोलले, देव तुमचं भलं करो वगैरे, पण तोवर फोन कट झाला होता. पाटलांची सून विचारत होती, "काय झालं ओ, रडताय का?" मी म्हणलं, "रडत नाही, बाई. टाचणी टोचली."

आता कशाचा रिझल्ट ते सांगते. माझी केतकी तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्मली तेव्हा रडलीच नाही धड, मांजराच्या पिलासारखी कुईकुई केली. मान उशिरा धरली, चालायला लागली ती भिंत धरूनच, आणि पुढं तेही सुटलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या असायच्या, त्यामुळं नवख्या माणसाला वाटायचं पोरगी पेंगतेय. पेंगतेय कसली! घरात कोण काय कुजबुजतंय ते सगळं तिच्या कानात. डोकं तर असं तल्लख, की पाढे विचारणाऱ्या गुरुजींचीच चूक काढायची. फक्त अंगात जोर नव्हता. पेन्सिल धरलेलं मनगट दुसऱ्या हातानं उचलून वहीवर ठेवायची. आवाज तर इतका बारीक, की मिक्सर लावला की तिचं बोलणं संपलंच.

कराडातले सगळे डॉक्टर झाले, अंगारे-धुपारे झाले. शेवटी पुण्याच्या डॉक्टर गुंजाळांनी रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "लग्न नात्यातलं आहे का?"

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सोबत होत्या. त्या छाती काढून म्हणाल्या, "व्हय, सख्ख्या भावाची लेक केलीय सून. घरातलं रगत घरात राहिलं."

आमच्याकडं मामाच्या पोरीवर आतेभावाचा हक्कच असतो. मी लहानपणी ज्याला "ए हणम्या, चेंडू दे" म्हणायचे, त्यालाच लग्नानंतर "अहो" म्हणायला लागले. एवढाच काय तो फरक पडला, असं आम्हाला वाटलं होतं.

रक्तात एक बदल सापडला, तोच माझ्यात निम्मा आणि ह्यांच्यातही निम्मा. केतकीत दोन्हीकडून आलेला. पण तो बदल दुखण्याचं मूळ आहे, की कुणाच्या गालावर तीळ असतो तसा नुसताच आहे, हे डॉक्टरांना सांगता येईना. कारण तसा बदल आधी कुणात बघितलेलाच नव्हता. म्हणून त्यांनी तो एका लॅबकडं दिला. तिथं मैथिली सोमण नावाची मुलगी त्याच प्रोटीनवर पीएचडी करत होती. आम्ही एकदा तिला भेटायला गेलो, तेव्हा ती घाईघाईत म्हणाली होती, "पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, ताई. हे प्रोटीन तो पडदा वाकवतं. केतकीचं प्रोटीन आम्ही इथं बनवू आणि ते काय करतं ते बघू." मी मान डोलावली. पडदा वाकवणारं प्रोटीन, हे मात्र मी घट्ट लक्षात ठेवलं.

आणि मधल्या काळात मला दिवस गेले.

ठरवून नाही, चुकून गेले असंही म्हणणार नाही. गेले. डॉक्टर गुंजाळांनी वारेचा तुकडा काढून तपासला. बाळातही तोच बदल, दोन्हीकडून. म्हणजे आता सगळं त्या लॅबवर. बदल निरुपद्रवी निघाला तर बाळ धडधाकट, आणि केतकीचं दुखणं दुसऱ्याच कशाचं तरी. बदल वाईट निघाला तर बाळ केतकीसारखंच. कायद्यानं पोट मोकळं करायची मुदत संपत आली होती. मी ढगळ गाऊन घालून फिरत होते, शेजारणींना अॅसिडिटी सांगत होते. केतकीला तर आम्ही कळूच दिलं नव्हतं. कारण उगाच आशा लावायची आणि मग काढून घ्यायची, असं पोरीच्या बाबतीत करायचं नाही हे आमचं ठरलेलं.

तर आता तुम्हीच सांगा, अशा वेळी "स्वच्छ" म्हणल्यावर माणूस काय समजेल?

मी दुकान तसंच टाकून घरी पळाले. आत्यांनी देव पाण्यात घातले होते, म्हणजे म्हणण्यापुरते नाही, खरोखरच पितळी पातेल्यात. मी सांगितल्यावर तिथंच मटकन बसल्या.

"स्वच्छ म्हंली? तसंच म्हंली?"

"अगदी तसंच. शंका नाही म्हणाली. तिचे सरसुद्धा खूश झाले म्हणे."

"आगं माझ्या बाळा!" त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग पातेल्यातले देव काढून पदरानं पुसायला लागल्या, आणि पुसता पुसता हुंदके देऊन रडल्या. आठ-नऊ वर्षांचं साचलेलं होतं ते. माझाही जीव भांड्यात पडला. अहो त्यांच्या दुकानातून आले, ऐकलं, आणि तसेच परत गेले. आले ते अर्धा किलो पेढे घेऊन.

"आता तिला सांगू या," ते म्हणाले.

केतकी खिडकीपाशी तिच्या खुर्चीत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिचा हात उचलून माझ्या पोटावर ठेवला.

"इथं काय आहे, सांग."

"जेवण," ती म्हणाली.

"आणि?"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या अर्ध्या मिटलेल्या पापण्या तिनं भुवया उडवून जेवढ्या वर नेता येतील तेवढ्या नेल्या. "आई! खरं? आपल्याकडं?"

"आपल्याकडं."

"ते पळेल?"

"पळेल की. तुला दमवेल."

"मग मी त्याला पाणी आणायला लावीन. आणि लायब्ररीतनं पुस्तक. आणि तू ओरडलीस तर त्याला पुढं करीन." एवढं सलग बोलून तिला धाप लागली, तरी थांबेना. "मांडीवर घेतलं तर मी पाडणार नाही. तू फक्त खालनं हात धर. धरशील ना?"

"धरीन," मी म्हणलं.

सोमवारपर्यंत घरात सणासारखं होतं. केतकीनं नावं काढायला घेतली. मुलाचं वेगळं, मुलीचं वेगळं. मुलाला विक्रांत आणि मुलीला वैजयंती, कारण ती म्हणाली घरात एक तरी भक्कम नाव पाहिजे. रात्री तिला श्वासाचं मशीन लावताना ती मास्कच्या आतूनच काहीबाही पुटपुटायची आणि मी म्हणायचे, "झोप आता, भवाने." आत्या येता-जाता माझी दृष्ट काढत होत्या. इतकं सुख मला सोसत नव्हतं, तरी मी ते ओरपत होते. आज केतकी जाऊनही बरीच वर्षं झाली, पण ते चार दिवस आठवले की मला अजून राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही.

सोमवारी आम्ही दोघं पुण्याला गेलो. सोबत पेढ्यांचा नवा डबा. लॅबच्या बाहेर एक छोटी खोली होती, तिथं मैथिली आमची वाट बघत होती. बारीकशी पोर, चष्मा, केसांना पेन खोचलेलं. डॉक्टर गुंजाळ यायचे होते.

टेबलावर दोन मोठे फोटो ठेवलेले होते, काळेपांढरे. एकात सगळं वेडंवाकडं जाळं. लांब लांब नळ्या, एकमेकींत अडकलेल्या, वळवळणाऱ्या, गांडुळांचा गुंता पडावा तशा. दुसऱ्यात नुसते गोल फुगे. लहान, मोठे, पण सगळे कसे गोल गरगरीत, तुकतुकीत. मला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही. मी त्या फुग्यांवर बोट ठेवलं.

"हा आमच्या केतकीचा ना?"

मैथिलीचा चेहरा फुलला. "हो! बरोबर ओळखलंत! बघा, तुम्हालाही लगेच दिसलं."

"त्यात काय न दिसण्यासारखं आहे?" मी म्हणलं. "अहो, बघितलं का? एक तरी वाकडा आहे का?"

ह्यांनी वाकून बघितलं आणि नाक पुसलं. मग डबा उघडून तिच्यापुढं धरला. "घ्या, मॅडम. तुमच्यामुळं झालं हे."

तिनं पेढा उचलला. "हे कशाचे?"

"बाळाचे!" हे म्हणाले. "आता काय, धडधाकटच होणार. तुम्हीच तर म्हणालात स्वच्छ म्हणून."

मैथिलीचा हात तिथंच थांबला. ती पेढ्याकडं बघत राहिली, मग माझ्या पोटाकडं, मग फोटोकडं. तिच्या तोंडचा रंगच उतरला. तिनं पेढा हळूच डब्यात परत ठेवला. मी आयुष्यात बरंच काही बघितलंय, पण कुणी हातात घेतलेला पेढा परत ठेवताना तेव्हाच बघितला.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही बसा."

"मी उभीच बरी आहे. काय झालं?"

"ताई, नळ्या व्हायला पाहिजेत."

"काय?"

"त्या नळ्या. आम्ही पडद्याचे गोल फुगे बनवून त्यांवर प्रोटीन सोडलं. हा नळ्यांचा फोटो आहे ना, तो निरोगी प्रोटीनचा आहे. ते जे वाकडं दिसतंय, तेच बरोबर आहे."

मला तिचं बोलणं ऐकू येत होतं, पण आत शिरत नव्हतं. मी म्हणलं, "तुम्हीच म्हणाला होता, हे प्रोटीन पडदा वाकवतं. आता केतकीचं वाकवत नाहीये. मग चांगलंच की!"

तिचे डोळे भरले. हातांनी दाखवत ती सांगायला लागली. आधी एक हात केळ्यासारखा बाकदार केला. "हे प्रोटीन असं असतं. एकटं असेल तर त्याच्यानं काही होत नाही. पण ती पडद्यावर येऊन शेजारी शेजारी बसतात, एकमेकांना धरतात. खूप जमली की त्यांच्या बाकाप्रमाणं पडदाही वळतो आणि त्याची नळी होते. आपल्या स्नायूंत अशा नळ्या बाहेरून आत खोल गेलेल्या असतात. मेंदूचा निरोप त्या नळ्यांतून आत जातो, तेव्हा स्नायू आवळला जातो. नळी नसेल तर निरोप दारातच राहतो."

"आणि केतकीचं?" ह्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"केतकीचं पडद्यावर जाऊन बसतं. तिथपर्यंत सगळं ठीक आहे. पण शेजारच्याला धरत नाही. सगळी सुटी सुटी राहतात. म्हणून पडदा वळत नाही. गोलच राहतो."

गोलच राहतो. आणि त्या गोलाला मी गरगरीत म्हणाले होते. आमच्या बोलण्यात वाकडं म्हणजे वाईटच. वाकडं पाऊल, वाकडी नजर, कुणाच्या वाकड्यात शिरू नये. मी रोज सपाट कापडाला टक्स घालून गोलाई आणणारी बाई, पण पोरीच्या बाबतीत वाकलेलं ते बिघडलेलं, यापलीकडं माझं डोकं गेलंच नव्हतं.

"मग स्वच्छ का म्हणालात?" माझा आवाज चढला. "तेवढं सांगा मला. स्वच्छ का म्हणालात?"

"आमच्यात स्वच्छ म्हणजे..." ती रडायलाच लागली. "म्हणजे गोंधळ नसलेला. ज्यात शंका नाही असा. मी खूप दिवस त्यावर काम करत होते, ताई. मला एवढंच सुचलं."

"आमच्यात स्वच्छ म्हणजे घाण नसलेलं, बाई! आमच्यात शंका गेली म्हणजे वाईट गेलं! आम्ही पोरीला सांगून बसलोय! तिनं नावं काढून ठेवलीयत!"

"उज्ज्वला," हे म्हणाले, "बास. तिचं काय चुकलं त्यात?"

काहीच चुकलं नव्हतं तिचं. तेच तर वाईट होतं. कुणाचं तरी चुकलं असतं तर मी त्याचं नरडं धरलं असतं.

डॉक्टर गुंजाळ आले, त्यांनी उघडा डबा बघितला आणि त्यांना सगळं कळलं. ते बराच वेळ बोलले. निर्णय तुमचा आहे, कुणी जबरदस्ती करणार नाही, ठेवायचं म्हणालात तरी मी सोबत आहे, असंही म्हणाले. चांगला माणूस. पण मुदतीचं त्यांनाही सांगावं लागलंच. ती आठवड्याच्या आतच संपत होती.

स्वारगेटला आम्ही बाकावर बसलो. एसटी लागलेली होती, तरी उठलो नाही.

"ठेवू या," हे म्हणाले. "केतकीला सांभाळतोयच की आपण."

"कोण सांभाळतंय? कूस कोण बदलतंय तिची? घशात घास अडकला की बोट कोण घालतंय?"

"मी नाही करत?"

"करता. मी नाही कुठं म्हणतेय? पण आपण गेल्यावर कोण? दोघांना कोण उचलेल?" मी दम घेतला. "आणि तिचा श्वास घुसमटतो तेव्हा ती माझ्याकडं कशी बघते, ते मी अजून एकाच्या डोळ्यांत बघू शकत नाही. नाही बघू शकत मी, हणम्या."

किती वर्षांनी ते नाव माझ्या तोंडातून गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या फळाच्या गाड्याकडं बघत म्हणाले, "मग केतकी नको होती, असं म्हण."

"असं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस?"

आम्ही उठून गाडीत बसलो. पेढ्यांचा डबा कुठं राहिला ते मला माहीत नाही.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून बसल्या. "म्या केलं ह्ये," म्हणाल्या. "भावाच्या दारात जाऊन मीच मागून आणली तुला. दुसऱ्या घरी दिली असती तर चार पोरं पळत असती तुझ्या अंगणात."

"आत्या, तुम्ही काय रक्त तपासून मागणी घातली होती का? गप बसा."

"न्हाई, पण हट्ट माझाच हुता." एवढं म्हणून त्या उठल्या आणि भाकरी थापायला लागल्या. पुढं मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, पण कुणी नात्यात सोयरीक जुळवतंय असं कानावर आलं, की त्या चपला घालून त्या घरी जायच्या आणि भांडून यायच्या.

मग आम्ही केलं. त्याचं जास्त सांगणार नाही. दवाखाना स्वच्छ होता, माणसं नीट बोलली. कळा मात्र बाळंतपणाच्याच आल्या, ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नर्सनं विचारलं, बघायचंय का. मी नको म्हणाले. नंतर हो म्हणावंसं वाटलं, तोवर नेलेलं होतं.

केतकीला काय सांगायचं ते आत्यांनी ठरवलं. बाळ देवाला आवडलं, त्यानं बोलावून घेतलं. त्यांनीच तिला सांगितलं. मी घरी आले तेव्हा तिनं मला पाणी पाहिजे का विचारलं, म्हणजे आत्यांना द्यायला सांगितलं. दोन दिवस तिनं बाळाबद्दल ब्र काढला नाही. मला वाटलं, सुटलो. पोरं विसरतात.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या मागं बसून तिची वेणी घालत होते. ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर आलेलं. अंगणात आत्या कुणाशी तरी बोलत होत्या.

"आई."

"हं."

"आज्जी खोटं बोलते."

माझा हात थांबला. "काय खोटं बोलते?"

"तुम्ही पुण्याहून आलात त्या रात्री स्वयंपाकघरात बोलत होता. बाबा रडत होते. मी ऐकलं."

मी परत केस हातात घेतले. तीन पदर करायचे तर माझ्याकडून दोनच होत होते.

"बाळ माझ्यासारखं होतं?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचं म्हणलं तर बोलता आलं असतं. पण ही पोरगी कानानं सगळं ओढून घ्यायची, तिला खोटं पचत नव्हतं. आणि मलाही त्या दिवशी जोर नव्हता.

"हो," मी म्हणलं. "तुझ्यासारखंच होतं."

तिचं तोंड मला दिसत नव्हतं, फक्त मानेवरची लव दिसत होती. मला वाटलं आता विचारेल. नको का होतं, म्हणून विचारेल. मी नको का होते, म्हणून विचारेल. मी उत्तर शोधत होते, आठ दिवस शोधत होते, आणि माझ्यापाशी एकही नव्हतं. विचार बाई, भांड माझ्याशी, असं मनात म्हणत मी तिच्या खांद्याला धरून बसले.

"मग बरं केलंस," ती म्हणाली.

अंगणात आत्यांचं बोलणं चालूच होतं. मी हललेच नाही, तेव्हा तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. आवाजच बारीक ना तिचा. तिनं मान जरा वर केली, छातीत श्वास भरून घेतला, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मला ऐकू जाईल अशा बेतानं पुन्हा म्हणाली,

"बरं केलंस, आई."